बॉनेटची उंची आणि पादचाऱ्याचा जीव

बोरिवली किंवा मुलुंडमधल्या पंधरा-वीस वर्षे जुन्या कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळावर एक गोष्ट सहज दिसते. जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेषा त्या काळच्या गाड्यांच्या मापाच्या आहेत. त्यांत उभ्या असलेल्या गाड्या मात्र आजच्या आहेत. काहींचे दरवाजे पूर्ण उघडत नाहीत, तर काहींचे नाक मुले सायकल चालवतात त्या वाटेवर आलेले असते. पूर्वी रांगेत पुढे बसके बॉनेट आणि मागे डिकी असलेल्या सेडान गाड्या जास्त असत. आता त्यांच्या जागी उंच, चौकोनी तोंडाच्या एसयूव्ही आल्या आहेत.

हा बदल केवळ डोळ्यांना जाणवणारा नाही. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांतील सुमारे २८ लाख, म्हणजे ६५ टक्के, ‘युटिलिटी’ गटातील होत्या. या गटात एसयूव्हीबरोबर सात-आठ जणांच्या कौटुंबिक गाड्याही मोडतात, पण वाढ झाली ती मुख्यतः एसयूव्हीची. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण साधारण पाचांत एक होते.

गाडी कोणती घ्यावी, हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा आणि आवडीचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा बहुधा किंमत, मायलेज आणि सनरूफ यांच्या अंगाने होते. या बदलाला आरोग्याची एक बाजूही आहे आणि ती गाडीत न बसलेल्या माणसाशी संबंधित आहे. रस्त्याच्या कडेने चालणारा, सिग्नलला थांबलेला, स्टेशनकडे धावणारा माणूस उद्या गाडीखाली सापडला, तर त्याला काय इजा होईल हे बऱ्याच अंशी त्या गाडीच्या तोंडाच्या आकारावर ठरते.

सेडान का गेली?

अमेरिकेत फोर्ड कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केले, की मस्टँगचा अपवाद सोडल्यास उत्तर अमेरिकेतील बाजारातून ती आपल्या सेडान गाड्या क्रमाक्रमाने काढून घेईल आणि भर एसयूव्ही व ट्रकवर देईल. फिएस्टा, फ्युजन, टॉरस ही घरोघरी ठाऊक असलेली नावे त्यात गेली. फियाट-क्रायस्लरने त्याआधीच ही वाट धरली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस जनरल मोटर्सनेही काही सेडान बंद करण्याची घोषणा केली. कारण सरळ होते. ग्राहक उंच गाडीकडे वळले होते आणि उंच गाडीत नफाही अधिक होता.

आपल्याकडे असेच उदाहरण शोधायचे, तर फार लांब जावे लागत नाही. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर ज्या महिंद्रा अँड महिंद्राचा कारखाना आहे, त्या कंपनीची वाहन उद्योगातील सुरुवातच १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जोडणी करण्यापासून झाली. २००७ मध्ये तिने फ्रान्सच्या रेनॉ कंपनीबरोबर नाशिकच्या कारखान्यातून ‘लोगान’ ही सेडान बाजारात आणली. २०१० मध्ये भागीदारी संपली आणि पुढे तीच गाडी ‘व्हेरिटो’ या नावाने विकली गेली. प्रशस्त आणि टिकाऊ म्हणून टॅक्सीवाल्यांनी ती आपलीशी केली, पण घरगुती ग्राहक तिच्यामागे फारसा गेला नाही. आज कंपनीच्या प्रवासी गाड्यांच्या यादीत एकही सेडान नाही. २०२४-२५ मध्ये तिने देशात साडेपाच लाखांहून अधिक एसयूव्ही विकल्या. इतर कंपन्यांचेही असेच झाले. होंडाची सिव्हिक आणि टोयोटाची कोरोला अल्टिस २०२० मध्ये भारतातून गेल्या, २०२५ मध्ये मारुतीच्या सिआझचा निरोप झाला.

उपनगरांच्या दृष्टीने या कथेला आणखी एक धागा आहे. मुंबईची ओळख बनलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ही सेडानच होती आणि ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. वयोमर्यादेच्या नियमानुसार शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. पद्मिनीत एअरबॅग नव्हती आणि तिच्या काळी सीटबेल्टची सक्तीही नव्हती. त्या गाडीची आठवण काढून हळहळण्यात आरोग्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. तिचे वजन मात्र ९०० किलोच्या आसपास होते. आज तिच्या जागी आलेल्या अनेक एसयूव्हींचे वजन दीड टनाच्या पुढे असते.

या बदलात सरकारी कररचनेचाही वाटा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क कमी करण्यात आले. तेव्हापासून कंपन्या चार मीटरच्या आत काय बसवता येईल, याचा विचार करू लागल्या. सेडानची डिकी या मापात बसवताना गाडी विचित्र दिसू लागते. एसयूव्हीला डिकी नसतेच. तिला जागा मिळते ती उंचीत. त्यामुळे लांबी कापून उंची वाढवलेल्या ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ला हा नियम मानवला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही लांबी आणि इंजिन हेच निकष राहिले. लहान गाड्यांना १८ टक्के, बाकीच्यांना ४० टक्के. बॉनेट जमिनीपासून किती उंच असावे, याचा विचार या मोजमापात कुठेच नाही.

धडकेच्या क्षणी काय होते?

बसक्या सेडानने चालत्या माणसाला समोरून धडक दिली, तर बंपर प्रथम गुडघ्याच्या आसपास किंवा त्याखाली लागतो. नडगीचे हाड मोडते, गुडघ्याचे स्नायुबंध फाटतात. पाय पुढे ढकलले जातात आणि वरचे शरीर बॉनेटवर आडवे होते. डोके बॉनेटच्या मागच्या भागावर किंवा समोरच्या काचेवर आपटते. डोक्याची इजा गंभीर ठरू शकते, हे खरेच. पण शरीर बॉनेटवर घरंगळत जाते तेव्हा धडकेचा जोर थोड्या अधिक वेळात आणि अधिक जागेवर वाटला जातो. शिवाय बॉनेटचा पत्रा दबतो आणि काही ऊर्जा शोषून घेतो.

उंच, उभ्या तोंडाच्या गाडीची धडक वेगळी असते. पहिला मार मांडीवर, कमरेच्या हाडांवर, पोटावर किंवा थेट छातीवर बसतो. माणूस बॉनेटवर चढत नाही, तो पुढे फेकला जातो. आधी गाडीचा मार, मग रस्त्यावर आपटण्याचा, आणि गाडी वेळेत थांबली नाही तर चाकाखाली येण्याचा, अशी ही साखळी असते.

पाय मोडलेला रुग्ण वेदनेने कळवळतो, पण बहुतेक वेळा वाचतो आणि काही महिन्यांनी चालू लागतो. कमरेच्या हाडांचे कडे मोडले, तर आतील रक्तवाहिन्यांतून दोन-तीन लिटर रक्त बाहेर एक थेंबही न दिसता वाहून जाऊ शकते. प्लीहा किंवा यकृत फाटल्यावर रुग्ण पहिली दहा-पंधरा मिनिटे शुद्धीवर असतो, बोलतो, ‘मला काही झाले नाही’ असेही म्हणतो आणि नंतर अचानक कोसळतो. बरगड्या मोडून फुप्फुसात शिरल्या तर श्वासच अडतो. म्हणून धडक कमरेच्या खाली बसली की वर, हा अपघात विभागातील डॉक्टरांसाठी फार मोठा फरक असतो.

लहान मुलांच्या बाबतीत वैद्यकीय पुस्तकांत ‘वॉडेलचे त्रिक’ शिकवले जाते. गाडीच्या धडकेत मुलाची मांडी, धड आणि डोके या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी इजा असू शकते, म्हणून एक दिसली की उरलेल्या दोन शोधाव्यात, असा त्याचा अर्थ. बंपर मांडीशी आणि बॉनेटची कडा छातीशी येणाऱ्या गाडीच्या धडकेवरून हे वर्णन झाले. बॉनेटच मुलाच्या हनुवटीच्या वर असेल, तर मांडी, छाती आणि डोके यांना जवळजवळ एकाच क्षणी मार बसतो.

वजन की आकार?

एसयूव्ही जड असते म्हणून घातक, असा सर्वसाधारण समज आहे. पादचाऱ्याच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. ६० किलोच्या माणसाला ९०० किलोची गाडी धडकली आणि दोघे क्षणभर एकत्र पुढे गेले, तर माणसाला गाडीच्या मूळ वेगाच्या सुमारे ९४ टक्के वेग मिळतो. गाडी १७०० किलोची असेल तर ९७ टक्के. माणसापुढे दोन्ही गाड्या इतक्या जड आहेत, की या फरकाला विशेष अर्थ उरत नाही. दुसऱ्या गाडीशी किंवा दुचाकीशी टक्कर होते तेव्हा वजनाचे महत्त्व वाढते. पादचाऱ्यासाठी निर्णायक असतात त्या दोन गोष्टी: धडकेचा वेग आणि धडक देणाऱ्या पृष्ठभागाची उंची व आकार.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे १८ हजार पादचारी-अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची पुढची कडा ४० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या तोंडाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. भारतीय वाचकासाठी याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. बॉनेट ३० ते ४० इंचांच्या दरम्यान असेल आणि तोंड उभे, भिंतीसारखे असेल, तरी धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढत होता. आपल्याकडच्या अनेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींचे तोंड मुद्दाम असेच ‘दमदार’ दिसेल असे घडवलेले असते.

हवाई विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ जस्टिन टिंडल यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतील अपघातांवरून काढलेला अंदाजही याच दिशेचा आहे. गाडीच्या पुढच्या भागाची उंची १० सेंटिमीटरने वाढली, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. २०२५ मध्ये ‘इंज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात लंडनच्या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. साध्या गाडीच्या तुलनेत एसयूव्ही किंवा तत्सम मोठ्या गाडीच्या धडकेत पादचारी व सायकलस्वार मृत्युमुखी पडण्याची शक्यता ४४ टक्क्यांनी अधिक निघाली. मुलांसाठी हा आकडा ८२ टक्के होता आणि दहा वर्षांखालील मुलांसाठी १३० टक्के.

आपली उंची, त्यांची गाडी

हे बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातील आहेत. तिकडच्या महाकाय पिकअप ट्रकसारख्या गाड्या आपल्या रस्त्यांवर कमी आहेत, हे मान्य करायला हवे. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघायला हवी. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण त्याच्या उंचीच्या ५५ टक्क्यांवर, बेंबीच्या थोडा खाली असतो. धडक त्याच्या बरीच खाली बसली, तर माणूस बॉनेटवर पडतो; त्याच्या आसपास किंवा वर बसली, तर तो पुढे फेकला जातो.

पावणेसहा फूट उंचीच्या अमेरिकी पुरुषाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९५ ते ९८ सेंटिमीटरवर येतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. तिचा गुरुत्वमध्य येतो साधारण ८४ सेंटिमीटरवर. म्हणजे ९० सेंटिमीटर उंचीचे जे बॉनेट त्या पुरुषाच्या गुरुत्वमध्याखाली लागेल, तेच घाटकोपर स्टेशनबाहेर रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या गुरुत्वमध्याच्या वर लागेल. वाकून चालणाऱ्या आजी-आजोबांची प्रत्यक्ष उंची आणखी कमी भरते. त्यांची हाडे ठिसूळ असतात, अनेक जण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतात, त्यामुळे कमी जोराचा मारही त्यांना पुरतो. पहिलीतल्या मुलाची उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. १०२ सेंटिमीटरच्या बॉनेटसमोर ते उभे राहिले, तर वर दिसते ते फक्त त्याचे कपाळ.

यातूनच दुसरा धोका निघतो. उंच गाडीत बसलेल्या चालकाला लांबचा रस्ता छान दिसतो, पण बॉनेटच्या लगतचा पट्टा दिसत नाही. बॉनेट जितके उंच आणि लांब, तितका हा आंधळा पट्टा मोठा. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे जाड खांब वळताना पादचाऱ्याला झाकतात. एसयूव्ही आणि पिकअप गाड्यांकडून वळणावर पादचाऱ्यांना धडक बसण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेत दिसून आले आहे. आपल्याकडे ही भीती महामार्गापेक्षा घराजवळ अधिक आहे. सोसायटीचे फाटक, शाळेबाहेरची दुपारची गर्दी, रिक्षा आणि भाजीच्या गाड्यांमधून वाट काढणारी गल्ली, या ठिकाणी वेग दहाच्या वर नसतो. तरीही चालकाला न दिसलेल्या मुलाला चाकाखाली येण्यासाठी तेवढा वेग पुरतो.

उपनगरात चालतो कोण?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के होते, तर पादचारी ३२,८२५, म्हणजे १९.५ टक्के. मुंबईत मृतांमध्ये या दोन गटांचाच वाटा बहुतांश असतो. उपनगरांचे दैनंदिन आयुष्य पाहिले, तर यात नवल नाही. अंधेरीला लोकल किंवा मेट्रोतून उतरणारा माणूस, त्याच्या घरी गाडी असो वा नसो, दिवसातून किमान दोनदा पादचारी असतो. स्वामी विवेकानंद मार्ग असो, लालबहादूर शास्त्री मार्ग असो की अंधेरी-कुर्ला रस्ता, पदपथ कुठे खणलेला, कुठे दुकानांनी व्यापलेला, तर कुठे मुळातच नसलेला. माणसे उतरून रस्त्यावरून चालतात. पादचारी पूल आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी चाळीस पायऱ्या चढणे हा पर्याय नसतो.

रात्री पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्ग मोकळे झाले, की वेगाचा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला, तर धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो. गाडीचा आकार हा या वेगाच्या धोक्यावर चढणारा आणखी एक थर आहे. उंच आणि आतून शांत असलेल्या गाडीत वेग कमी वाटतो, ही अडचणही त्यात भर घालते.

घेणाऱ्याची बाजू

एसयूव्ही घेणारे कुटुंब बेफिकीर असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची कारणे खरी आहेत. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा कंबर धरते, अशा ज्येष्ठांना सेडानच्या बसक्या सीटवर बसणे आणि विशेषतः त्यातून उठणे कठीण जाते. मांडीच्या पातळीवरची सीट त्यांना सोयीची वाटते. पावसाळ्यात उपनगरांतील खड्ड्यांतून जाताना जमिनीपासूनची जास्त उंची मणक्याला आणि गाडीलाही मानवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी काही जण पाण्यात अडकलेल्या गाडीतच गुदमरून दगावले. ती आठवण अजून अनेक घरांत ताजी आहे.

पण पाण्याच्या बाबतीत उंच गाडी खोटा धीर देते. साधारण ३० सेंटिमीटर खोल वाहते पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकते, तर ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक एसयूव्हीही. अंधेरीच्या भुयारी मार्गात पाणी साचले आणि पोलिसांनी दोर लावला, की तो सगळ्याच गाड्यांसाठी असतो.

सर्वांत मोठे कारण असते सुरक्षिततेचे, आणि तेही खोटे नाही. आजच्या अनेक भारतीय एसयूव्ही अपघात चाचण्यांत पाच तारे मिळवतात. त्यांत बसलेल्या माणसांचे, मुलांचे जीव त्यामुळे वाचतात. हे तारे मुख्यतः कोणासाठी आहेत, हे मात्र खरेदीच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही.

तारे आतल्यांसाठी

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली ‘भारत एनकॅप’ ही चाचणी गाडीतील प्रौढ आणि बालप्रवाशांचे संरक्षण मोजून दोन वेगवेगळे तारांकन देते. पादचाऱ्यांच्या संरक्षणासाठी भारतीय मानक आहे. बंपर आणि बॉनेटने पाय व डोक्याला किती इजा होईल, याची कमाल मर्यादा ते घालते. तीन किंवा अधिक तारे हवे असतील, तर ते पाळावे लागते. पण ही पास-नापासाची परीक्षा आहे. त्यात कोणती गाडी काठावर सुटली आणि कोणती उत्तम ठरली, हे ग्राहकाला ताऱ्यांतून कळत नाही. युरोपात १९९७ पासून स्वतंत्र चाचणी संस्था पादचारी-संरक्षणाचे गुण वेगळे देते. भारत एनकॅपच्या पुढच्या टप्प्याच्या मसुद्यात रस्त्यावरील असुरक्षित घटकांसाठी स्वतंत्र गुण सुचवले आहेत. तो टप्पा पातळ न होता अमलात येणे, हा सार्वजनिक आरोग्याचाच विषय आहे.

चाचणीत उत्तम ठरलेली गाडी नंतर मालकच धोकादायक करतो, हेही घडते. बंपरपुढे लोखंडी नळ्यांचा ‘क्रॅश गार्ड’ लावण्यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तो धडकेचा जोर शोषत नाही, पादचाऱ्याच्या मांडीवर एका रेषेत एकवटतो. शिवाय एअरबॅगच्या संवेदकांच्या कामात अडथळा आणतो. तरीही असे गार्ड लावलेल्या गाड्या उपनगरांत रोज दिसतात.

काय करता येईल?

सेडान परत आणा, असे कंपन्यांना सांगून काही होणार नाही. बाजार तसा चालत नाही. बॉनेटचा आकार मात्र नशिबाने ठरत नाही, तो आरेखनाच्या टेबलावर ठरतो. कडा थोडी खाली आणि उतरती ठेवणे, पत्र्याखाली दबायला जागा सोडणे, पादचारी दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा स्वस्त गाड्यांतही देणे, हे सगळे आजच्या तंत्रज्ञानाला शक्य आहे. कररचना लांबी आणि इंजिन मोजू शकते, तर पुढच्या भागाची उंचीही मोजू शकते. पॅरिसने २०२४ मध्ये मतदान घेऊन जड गाड्यांचे पार्किंग शुल्क तिप्पट केले. मुंबईत रस्त्यावरची जागा सोन्याच्या मोलाची असताना गाडीच्या आकारानुसार पार्किंगचे दर ठेवण्याचा विचार महापालिकेला अवघड नाही.

नोंदींचीही गरज आहे. मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात कार, टॅक्सी, व्हॅन आणि हलकी मोटार वाहने एकाच रकान्यात येतात. त्यातून सेडानच्या आणि एसयूव्हीच्या धडकेतील फरक कधीच बाहेर येणार नाही. अपघाताच्या नोंदीत गाडीचे मॉडेल आणि रुग्णालयाच्या कागदावर इजेची जागा, या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या, तर काही वर्षांतच आपल्या रस्त्यांचे, आपल्या उंचीच्या माणसांचे आकडे हाती येतील. जोगेश्वरीच्या ट्रॉमा केअर रुग्णालयासारखी महामार्गाला लागून असलेली केंद्रे यासाठी योग्य आहेत.

शाळा, स्टेशन आणि बाजार परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे गतिरोधक, उंचावलेले पादचारी पट्टे, सलग पदपथ यांचा उपयोग तर गाडी कोणतीही असली तरी होतो.

चालकाने स्वतःपुरती काही पथ्ये पाळावीत. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी. कॅमेरा असला तरी सोसायटीतून बाहेर पडताना खिडकी खाली करावी. वळताना खांबाआड काय आहे ते मान हलवून पाहावे. क्रॅश गार्ड असेल तर आजच काढावा. पालकांनी मुलांना हे शिकवावे, की उभ्या असलेल्या उंच गाडीच्या अगदी समोरून किंवा मागून जायचे नाही, आणि चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

धडक बसली तर

अपघातग्रस्त पादचारी उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला घरी पाठवू नये. पोटात किंवा कमरेत दुखणे, घाम फुटणे, तहान लागणे, चेहरा पांढरा पडणे, नाडी जलद होणे ही आतील रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. त्याला पाणी पाजू नये, ओढून उचलू नये, कमरेला मार असेल तर उभे करू नये. बाहेर रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि धडक कमरेच्या वर बसली की खाली, गाडी कशी होती, हे डॉक्टरांना जरूर सांगावे. उपचारांची दिशा त्यावरून ठरते. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे.

पाच तारांची एसयूव्ही घेऊन घरी आलेले कुटुंब त्याच संध्याकाळी भाजी आणायला पायी खाली उतरते. आजोबा बागेत फिरायला जातात, मुलगी क्लासला निघते. फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे तारे त्यांच्यासाठी नसतात. नवी गाडी पाहायला शोरूममध्ये जाल, तेव्हा आत बसण्याआधी तिच्यासमोर उभे राहा आणि बॉनेटची कडा आपल्या शरीराला कुठे लागते, ते पाहा. सोबत मूल असेल तर त्यालाही शेजारी उभे करा.